जुन्या व्यावसायिक क्लॅरिनेटची ओळख आणि मूल्यनिर्णय

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादे जुने क्लॅरिनेट परीक्षणासाठी हाती आले, की त्याच्या कर्ण्यावर ठसविलेले निर्मात्याचे नाव प्रथम नजरेस पडते, आणि पुष्कळदा परीक्षण तेथेच संपते. नाव प्रसिद्ध असेल तर वाद्य मोलाचे, अपरिचित असेल तर सामान्य, असा निर्णय घाईने दिला जातो. वाद्य विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यास हा निर्णय महागात पडतो; संग्रहालयास अथवा विद्यापीठाच्या विभागास तर तो अधिकच महागात पडतो. विद्यार्थ्याचे पैसे जातात, ते पुन्हा मिळविता येतात. परंतु चुकीच्या समजुतीने केलेल्या दुरुस्तीमुळे वाद्यात साठलेला इतिहासाचा पुरावा एकदा नष्ट झाला, की तो परत मिळत नाही.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही. पोथीच्या अखेरीस असलेली पुष्पिका लेखकाचे नाव व शक सांगते. परंतु नक्कल करणारा पुष्कळदा मूळची पुष्पिकाही उतरून घेतो. म्हणून कागद, शाई व अक्षरवळण यांची साक्ष काढल्यावाचून केवळ पुष्पिकेवर कोणी विसंबून राहत नाही. क्लॅरिनेटवरील नाममुद्रा ही त्या वाद्याची पुष्पिकाच होय. तिची साक्ष अवश्य घ्यावी, पण ती एकमेव साक्ष मानू नये.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवले आहेत. हे वाद्य कोणते, हा पहिला. ते आज कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा. आणि ते कोणत्या कामास उपयोगी पडेल, हा तिसरा. बाजारातील किंमत हा यांहून निराळा, चौथा प्रश्न असून पहिल्या तिहींची उत्तरे मिळेपर्यंत त्यास हात घालू नये. विवेचन मुख्यत्वे १८८० ते १९८० या काळात फ्रान्स व इंग्लंड येथे तयार झालेल्या वाद्यांपुरते मर्यादित आहे. जर्मनीत रूढ असलेली ओलर यांची पद्धती हा स्वतंत्र विषय असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

२. वाद्याची रचना व दोन पद्धती

क्लॅरिनेटच्या शोधाचे श्रेय न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर यांस दिले जाते. काळ इसवी सन १७०० च्या आसपासचा. मुखखंड, बॅरल, वरचा खंड, खालचा खंड व कर्णा असे या वाद्याचे पाच भाग असतात. मुखखंडावर वेताची एक पत्ती बांधलेली असते. नळी बहुतांशी समान व्यासाची असून तिचे मुखाकडील टोक ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बंद टोकासारखे वागते. याचा परिणाम असा, की बासरी अथवा सनई जोराने फुंकली असता ‘सा’चा तार ‘सा’ होतो, तर क्लॅरिनेटवर तोच ‘सा’ तार सप्तकातील पंचमावर जातो. ‘सा’ व तार ‘प’ यांमधील हे अंतर सर्व रंध्रांवर शुद्ध राखणे ही निर्मात्याची मुख्य कसोटी असून पुढील विवेचनात या मुद्द्याकडे पुन्हा वळावे लागेल.

चाव्यांच्या मांडणीवरून जुन्या वाद्यांचे दोन मोठे वर्ग पडतात. इवान म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेरा चाव्यांचे क्लॅरिनेट सिद्ध केले. ब्रसेल्सचे यूजेन अल्बर्ट यांनी ती परंपरा पुढे नेली. या मांडणीस साधी पद्धती किंवा अल्बर्ट पद्धती म्हणतात. दुसरी मांडणी पॅरिस येथील वादक इयासिंत क्लोझे व कारागीर लुई-ओगुस्त ब्युफे यांनी १८३९ मध्ये लोकांपुढे ठेवली आणि १८४४ मध्ये तिचे एकस्व घेतले. थिओबाल्ड बोम यांनी बासरीसाठी वापरलेल्या कड्यांच्या तत्त्वाचा तीत उपयोग केला असल्यामुळे तिला बोम पद्धती हे नाव मिळाले.

दोहोंतील भेद ओळखण्यास कड्या मोजणे पुरेसे होते. सर्वसामान्य बोम वाद्यास सतरा चाव्या व सहा कड्या असतात. वरच्या खंडावर अंगठ्याच्या रंध्राभोवतीची धरून तीन आणि खालच्या खंडावर तीन, अशी ही वाटणी असते. अल्बर्ट वाद्यास अंगठ्याची कडी नसते व खालच्या खंडावर बहुधा दोनच कड्या आढळतात. उजव्या करंगळीसाठी बोम वाद्यात चार चाव्या असतात, अल्बर्ट वाद्यात दोन. वीस चाव्या व सात कड्या असलेले वाद्य ‘पूर्ण बोम’ पद्धतीचे समजावे. त्याची नळी एका अर्धस्वराने अधिक खाली जाते, त्यामुळे अन्य पट्टीच्या क्लॅरिनेटसाठी लिहिलेले संगीत वाद्य न बदलता वाजविता येते. चाव्या अधिक म्हणून वाद्य अधिक चांगले, असा अर्थ मात्र यावरून काढू नये.

३. द्रव्य व घडण

या काळातील बहुसंख्य व्यावसायिक वाद्ये आफ्रिकेतील काळ्या लाकडाची, म्हणजे ग्रेनेडिलाची, आहेत. मुख्यतः टांझानिया व मोझांबिक येथून येणारा हा वृक्ष आपल्या शिसवीच्याच डॅल्बर्जिया या प्रजातीतला आहे. त्याचे लाकूड इतके घन असते, की ते पाण्यात बुडते. त्यापूर्वीच्या व काही समकालीन वाद्यांसाठी वेस्ट इंडीजमधील कोकस आणि युरोपातील पिवळसर बॉक्सवुड यांचा उपयोग होत असे. काळा रंग पाहून लाकूड ठरवू नये, कारण एबोनाइट, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेले रबर, आणि पुढील काळातील प्लॅस्टिक हीही काळीच असतात. नळीतून प्रकाशाकडे पाहिले असता लाकडाच्या शिरा आत दिसतात. एका खंडाचे दुसऱ्यात बसणारे टोक उघडे असते, तेथेही त्या दिसतात. एबोनाइट उजेडाने हिरवट-तपकिरी पडते व बोटाने जोरात घासले असता गंधकाचा वास देते. येथे एक सावधगिरी हवी. एबोनाइटचे वाद्य विद्यार्थ्यांसाठीच असते असा सरसकट नियम नाही. हे द्रव्य उष्ण व दमट हवेत तडकत नाही, म्हणून लष्करी वाद्यवृंदांसाठी उत्तम प्रतीची वाद्येही त्यात घडविली गेली.

प्रवासाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डॅल्बर्जिया प्रजातीवर २०१७ च्या आरंभापासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना व त्यांच्या सुट्या भागांना त्यांतून सूट मिळाली. लाकडाची अचूक नोंद ठेवणे म्हणूनही आवश्यक ठरते.

व्यावसायिक वाद्याची खरी खूण लाकडापेक्षा घडणीत अधिक सापडते. त्याच्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूच्या, असून घडीव असतात. स्वस्त वाद्यांच्या चाव्या बहुधा हलक्या धातूच्या व ओतीव असतात. घडीव चावी वाकते व पुन्हा सरळ करता येते. ओतीव चावी वाकविताना मोडते. चावीच्या कडांचा सारखेपणा, बिजागरीच्या नळीचे खुंट्यांमध्ये नेमके बसणे, मोठ्या ताणाच्या खुंट्या फिरू नयेत म्हणून त्यांना लावलेले बारीक स्क्रू, निळसर पोलादाच्या सुईसारख्या स्प्रिंगा, या सर्व गोष्टी एकत्र पाहाव्यात. त्यांहून महत्त्वाची खूण स्वररंध्रांच्या आत असते. उत्तम वाद्यात रंध्राची आतील कड नळीच्या बाजूने कोरून किंचित पसरट केलेली असते, त्यामुळे त्या त्या रंध्राचा स्वर व नाद वेगवेगळा साधता येतो. हे काम वेळखाऊ असल्याने स्वस्त वाद्यात सहसा केले जात नाही. नळीत छोटा दिवा सोडून पाहिले, की ते स्पष्ट दिसते.

४. नाममुद्रा व क्रमांक यांची साक्ष

आता नावाकडे वळू. एकाच नावाच्या आश्रयाने वेगवेगळ्या प्रतींची वाद्ये कशी बाजारात आली, हे चार घराण्यांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

ब्युफे-क्रांपों या पॅरिसच्या पेढीचा आरंभ १८२५ मध्ये झाला, आणि मांत-ला-व्हिल येथील तिचा कारखाना १८५० पासूनचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेढीचे चालक एव्हेत व शेफर हे भागीदार होते, त्यामुळे त्या काळातील प्रथम प्रतीच्या वाद्यांवर ब्युफेच्या नावाबरोबर त्यांचीही नावे आढळतात. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ‘एव्हेत-शेफर’ हे नाव दुसऱ्या प्रतीच्या आणि नुसते ‘एव्हेत’ हे नाव विद्यार्थ्यांच्या वाद्यांना देण्यात आले. अर्थात एकच नाव कालभेदाने दोन भिन्न प्रतींचा निर्देश करते. याउलट, याच पेढीचे सर्वांत प्रसिद्ध वाद्य, रोबेर कारे यांनी रचलेले व १९५५ मध्ये पुढे आलेले ‘आर-१३’, याच्या अंगावर त्या प्रकाराचे नाव ठसविलेले नसते. तेथे केवळ पेढीची मुद्रा व क्रमांक असतो. ज्याचे नाव नाही ते श्रेष्ठ आणि ज्याचे नाव आहे ते मध्यम, असा हा उलटा प्रकार आहे.

सेल्मर या पेढीची स्थापना पॅरिस येथे १८८५ मध्ये झाली. पॅरिसच्या व्यावसायिक वाद्यांवर ‘आंरी सेल्मर पॅरिस’ अशी मुद्रा असते, आणि १९५० च्या दशकातील ‘सेंटर्ड टोन’ यासारख्या प्रकारांची नावेही स्वतंत्रपणे आढळतात. अमेरिकेतील एल्खार्ट येथील सेल्मर संस्थेने विकलेली ‘बंडी’ व ‘सिग्नेट’ ही वाद्ये मात्र विद्यार्थ्यांच्या व मधल्या वर्गातली होत. लब्लां घराण्याने १९०४ मध्ये नोब्ले ही फार जुनी पेढी आपल्याकडे घेतली. पुढे ‘लब्लां’ हे नाव वरच्या प्रतीस, ‘नोब्ले’ मधल्या प्रतीस व ‘व्हिटो’ हे विद्यार्थ्यांच्या वाद्यांस दिले गेले. इंग्लंडमधील बूझी आणि हॉक्स या दोन पेढ्या १९३० मध्ये एकत्र आल्या. म्हणून ‘बूझी अँड हॉक्स’ अशी जोडमुद्रा असलेले वाद्य त्यापूर्वीचे असू शकत नाही. या पेढीचे ‘१०१०’ हे वाद्य प्रथम प्रतीचे. ‘रीजंट’ व ‘एजवेअर’ ही त्याखालची. सर्वांवर पेढीचे नाव तेच.

याशिवाय फ्रान्समधील कारखान्यांनी परदेशी दुकानदारांसाठी पुष्कळ वाद्ये तयार केली व त्यांवर दुकानदाराचेच नाव ठसविले. अशा वाद्यांत सामान्यांप्रमाणेच उत्तम वाद्येही असतात. ‘पॅरिस’ हा शब्द दर्जाची हमी देत नाही. देशाचे नाव इंग्रजीत असेल तर एक उपयुक्त सूचना मिळते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे आयात मालावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत घालणे १८९१ पासून आवश्यक झाले, म्हणून तशी मुद्रा असलेले वाद्य बहुधा त्यानंतरचे समजावे. तशी मुद्रा नसल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही.

क्रमांकाची उपयुक्तता कालनिर्णयापुरती आहे. ब्युफे व सेल्मर यांच्या क्रमांकांच्या सूची उपलब्ध आहेत. बूझी अँड हॉक्स यांचा वाद्यसंग्रह लंडन येथील हॉर्निमन संग्रहालयाकडे २००४ मध्ये आला, आणि पेढीच्या जुन्या नोंदवह्याही तेथेच अभ्यासावयास मिळतात. क्रमांक वरच्या व खालच्या अशा दोन्ही खंडांवर असेल तर तो जुळतो की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. न जुळल्यास एक खंड दुसऱ्या वाद्याचा आहे असे समजावे. बॅरल व कर्णा यांवर सहसा क्रमांक नसतो, आणि हेच दोन भाग सर्वांत सहज बदलले जातात. सर्वांत ठळक नाममुद्रा नेमकी कर्ण्यावर असते, ही गोष्ट परीक्षकाने विसरू नये.

यावरून पुराव्याच्या तुलनेचा एक साधा नियम निघतो. जो पुरावा बदलणे सोपे, त्यास कमी मान द्यावा. जो बदलणे कठीण, त्यास अधिक. कर्णा व बॅरल सर्वांत सोपे; चाव्यांवरील मुलामा त्यानंतर; मुद्रा त्यानंतर; रंध्रांची जागा व खंडांची लांबी सर्वांत कठीण.

५. नळीच्या व्यासाचे महत्त्व

नळीचा अंतर्व्यास हा वाद्याच्या कुळाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय. बूझी अँड हॉक्सच्या ‘१०१०’ ची नळी रुंद असून तिचा व्यास सुमारे १५.२ ते १५.३ मिलिमीटर असतो. जॅक ब्रायमर, जर्व्हास द पायर इत्यादी इंग्रज वादकांच्या भरदार नादाशी या वाद्याचे नाव जोडलेले आहे. सेल्मरच्या ‘सेंटर्ड टोन’ ची नळीही रुंदच, सुमारे १५ मिलिमीटरची. ‘आर-१३’ ची रचना निराळी आहे. तिची नळी वरच्या टोकाशी सुमारे १५ मिलिमीटर असून पायऱ्यापायऱ्यांनी अरुंद होत पुढे सुमारे १४.६ ते १४.७ मिलिमीटरवर स्थिरावते. वरच्या टोकाशी व्यासात केलेला हा सूक्ष्म बदल ‘सा’ व तार ‘प’ यांतील अंतर शुद्ध राखण्यासाठी आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु हवेच्या स्तंभाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १५.२५ व १४.६५ मिलिमीटर या दोन व्यासांच्या क्षेत्रफळांत सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. याचा व्यावहारिक परिणाम मुखखंडाच्या निवडीत दिसतो. ‘१०१०’ चा मूळ मुखखंडही रुंद नळीचाच असतो. तो हरविलेला असला व त्याच्या जागी अरुंद नळीच्या वाद्याचा मुखखंड लावला, तर सप्तकासप्तकांतील मेळ बिघडतो आणि वाद्य बेसूर ठरते. अशा प्रकारे मुखखंडाचा दोष वाद्याच्या माथी मारला जातो. म्हणून जुने वाद्य वाजवून पाहण्यापूर्वी नळीचे माप घ्यावे व त्यास अनुरूप मुखखंड लावूनच परीक्षण करावे.

माप घेताना वेगवेगळ्या व्यासांच्या चकत्या दांडीवर बसवून प्रत्येकी कोठवर जाते ते पाहावे, आणि दर सेंटिमीटरवर व्यास दोन दिशांनी नोंदवावा. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने असमान आकसत असल्यामुळे जुनी नळी किंचित अंडाकृती होते, हे त्यावरून कळते. कारागिराने नळी खरवडून रुंद केली असल्यास मापांचा क्रम मूळ रचनेशी जुळत नाही व आतील पृष्ठभागावर नवे ओरखडे दिसतात. वापराने वाद्य ‘थकते’ अशी वादकांमध्ये समजूत आहे. तिच्या खरेखोटेपणाचा निर्णय या मापांनीच करता येईल.

६. पट्टीचा प्रश्न

जुन्या वाद्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत पट्टीमुळे होते. आज रूढ असलेले मान, म्हणजे ‘ए’ स्वरास सेकंदाला ४४० कंपने, हे १९३९ च्या लंडन परिषदेत मान्य झाले. फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ चे मान होते. इंग्लंडमध्ये मात्र सुमारे ४५२ चे उच्च मान प्रचारात होते, आणि ब्रिटिश लष्करी वाद्यवृंदांनी ते १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकविले. भारतात क्लॅरिनेट मुख्यतः लष्करी वाद्यवृंदांच्या मार्गाने आले. म्हणून येथे सापडणाऱ्या त्या काळातील इंग्रजी वाद्यांच्या बाबतीत ही शंका प्रथम घ्यावी. काही वाद्यांवर उच्च अथवा नीच पट्टीची इंग्रजी आद्याक्षरे ठसविलेली असतात. पुष्कळांवर ती नसतात.

नेहमीचे ‘बी-फ्लॅट’ क्लॅरिनेट, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी पाचचे वाद्य, मुखखंडासह सुमारे ६६ ते ६७ सेंटिमीटर लांब असते; पांढरी सहाचे सुमारे ७० सेंटिमीटर. उच्च पट्टीचे काळी पाचचे वाद्य नेहमीच्यापेक्षा सुमारे दीड-दोन सेंटिमीटरने आखूड भरते. उच्च पट्टीचे पांढरी सहाचे वाद्य लांबीने या दोहोंच्या मध्ये येते व दोहोंपैकी कोणत्याही नावाने खपून जाते.

लांब बॅरल लावून ही पट्टी उतरविता येईल, असे विक्रेते सांगतात. हे म्हणणे गणिताने तपासता येते. काळी पाचच्या वाद्यावरील सर्वांत खालच्या स्वरासाठी कंप पावणाऱ्या हवेची लांबी सुमारे ५९ सेंटिमीटर, तर वरच्या खंडातील आखूड स्वरांपैकी एकासाठी सुमारे २२ सेंटिमीटर असते. उच्च पट्टीच्या वाद्यात ही मापे अनुक्रमे ५७.४ व २१.४ सेंटिमीटर धरावीत. ४५२ चे मान ४४० वर आणणे म्हणजे प्रत्येक स्वर सुमारे ४७ सेंट, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने, उतरविणे होय. खालच्या स्वरासाठी त्याकरिता सुमारे १.६ सेंटिमीटर लांबी वाढवावी लागते. तेवढीच वाढ आखूड स्वराच्या लांबीत सुमारे साडेसात टक्के भरते व तो स्वर सुमारे १२५ सेंटने उतरतो. म्हणजे हवा त्यापेक्षा सुमारे ८० सेंटने अधिक खाली जातो. एक स्वर जुळविताना दुसरा जवळजवळ एका पूर्ण अर्धस्वराने बेसूर होतो. यास्तव उच्च पट्टीचे वाद्य बॅरल बदलून आजच्या पट्टीत येत नाही. रंध्रांच्या जागा बदलणे हाच उपाय उरतो, आणि तो वाद्य नष्ट करण्यासारखाच आहे.

७. अवस्थेचे परीक्षण

ओळख पटल्यानंतर अवस्थेकडे वळावे. येथे दुरुस्त होणारे व न होणारे दोष असे दोन वर्ग करावेत. सुकलेल्या गाद्या, झिजलेले बूच, मंद झालेल्या स्प्रिंगा, उडालेला चांदीचा मुलामा, हे सर्व पहिल्या वर्गात येतात. त्यांचा खर्च हिशेबात धरावा, परंतु त्यांवरून वाद्याच्या प्रतीचा निर्णय करू नये. बिजागऱ्यांतील सैलपणाही कुशल कारागीर घालवू शकतो.

चीर हा दोष मधल्या स्वरूपाचा आहे. श्वासातील ओलाव्याने नळीचा आतील भाग फुगतो, बाहेरचा कोरडा भाग ताणला जातो व वरचा खंड, विशेषतः त्याच्या वरच्या टोकाकडे, चिरतो. पावसाळ्यातील दमट हवा व त्यानंतरचा कोरडा काळ यांच्या आलटून-पालटून येण्याने हा धोका वाढतो. खंडांच्या टोकांवरील धातूच्या कड्या सैल झालेल्या दिसल्या, की लाकूड आकसले आहे असे समजावे. चीर रंध्रातून गेली असेल तर हवा निसटते. परंतु धातूच्या बारीक खिळ्यांनी अथवा पट्ट्यांनी नीट सांधलेले वाद्य पुढे दीर्घकाळ वाजते. अशा दुरुस्तीने किंमत उतरते, उपयोग उतरतोच असे नाही. चीर लपविण्यासाठी लाकडास काळा रंग दिलेला नाही ना, हे मात्र तिरप्या प्रकाशात पाहावे.

खरवडलेली नळी, मोठी केलेली रंध्रे, परके खंड आणि कापलेली लांबी हे दुसऱ्या वर्गातील दोष होत. ते दुरुस्त होत नाहीत. एखाद्या वाद्याच्या चाव्या लखलखीत व गाद्या नव्या असतील, पण नळी खरवडलेली असेल, तर ते गाद्या कुजलेल्या परंतु नळी शाबूत असलेल्या वाद्याहून कमी मोलाचे समजावे. बाजारात बहुधा याच्या उलट भाव दिसतो.

हवाबंदपणा तपासण्यासाठी प्रत्येक खंडाची रंध्रे बोटांनी व एक टोक तळव्याने बंद करून दुसऱ्या टोकाने हवा ओढावी. निर्वात काही क्षण टिकला पाहिजे. सूर तपासताना वाद्य प्रथम श्वासाने उबदार होऊ द्यावे, आणि ‘सा’ व तार ‘प’ यांच्या जोड्या सर्व रंध्रांवर मोजाव्यात. संग्रहातील जे वाद्य अनेक वर्षे वाजलेले नाही, ते मात्र लगेच फुंकू नये. कोरड्या लाकडावर अकस्मात ओलावा येऊन ते चिरते. त्याची मापे घ्यावीत, वाजविण्याचा मोह टाळावा.

८. उपयोग व मूल्य

मूल्य हा शब्द उपयोगाचा उल्लेख केल्यावाचून अपुरा राहतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसणाऱ्या वादकास ४४० च्या मानाचे, बोम पद्धतीचे, सहवादकांच्या नादाशी मिळणारे वाद्य हवे असते. त्या दृष्टीने १९६० च्या दशकातील शाबूत ‘आर-१३’ ला मागणी अधिक आणि त्याच काळातील रुंद नळीच्या वाद्यांना कमी, ही वस्तुस्थिती आहे. परंतु ती त्या वाद्यांच्या घडणीतील भेदापेक्षा वाद्यवृंदांच्या बदललेल्या अभिरुचीतून आलेली आहे.

भारतीय रागसंगीताच्या वादकाचा विचार याहून निराळा पडतो. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रिकांच्या काळात मास्टर इब्राहिम यांनी या वाद्यास रागसंगीतात स्थान मिळवून दिले. मींड व कण यांसाठी बोट रंध्रावरून हळूहळू सरकवावे लागते. बोम पद्धतीत कडी दाबली वा सुटली, की तिच्याशी जोडलेली दुसरी गादी उघडते अथवा मिटते, आणि स्वर सरकण्याऐवजी उडी घेतो. साध्या पद्धतीत मोकळी रंध्रे अधिक असल्यामुळे ही अडचण कमी भासते. म्हणून बोम पद्धती प्रगत व अल्बर्ट पद्धती मागासलेली, हा निर्णय येथे लागू पडत नाही. पट्टीच्या बाबतीतही तसेच आहे. उच्च पट्टीचे वाद्य वाद्यवृंदात निरुपयोगी ठरते. परंतु तंबोरा वाद्याच्या ‘सा’शी मिळवून घेतला, तर तेच वाद्य एकल वादनास पूर्णतः समर्थ आहे, कारण त्याच्या स्वरांचा आपापसांतील मेळ शाबूत असतो. साथीला पेटी आली, म्हणजे मात्र तिची ठरलेली पट्टी आड येते.

संग्रहालयाच्या दृष्टीने तर उच्च पट्टीचे, न बदललेले वाद्य अधिकच मोलाचे. एका विशिष्ट काळी, विशिष्ट वाद्यवृंदात ‘सा’ कोठे होता, याचा तो मूर्त पुरावा आहे. कागदपत्रांतील स्वरमानाचे उल्लेख अशा वाद्यांच्या मापांशी ताडून पाहता येतात. बाजाराने ज्यास टाकाऊ ठरविले, ते अभ्यासकास दुर्मीळ साधन ठरते.

९. उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे. प्रथम पद्धती, द्रव्य, खंडांची लांबी, नळीचा व्यास व क्रमांक यांवरून वाद्याची ओळख ठरवावी, आणि नाममुद्रेची साक्ष त्यांच्याशी ताडून पाहावी. नंतर अवस्था ठरवावी, आणि दुरुस्त होणाऱ्या दोषांपासून न होणारे दोष वेगळे काढावेत. त्यानंतर ते कोणत्या संगीतास उपयोगी आहे हे स्पष्ट शब्दांत लिहावे. किंमत शेवटी, आणि या तिहींच्या आधारेच, ठरवावी.

प्रत्येक वाद्यामागे एक नोंदपत्र असावे. त्यात पाचही भागांची लांबी, दर सेंटिमीटरचा अंतर्व्यास, चाव्या व कड्या यांची संख्या, सर्व मुद्रांची जागा व मजकूर, आढळलेल्या चिरा व दुरुस्त्या, आणि परीक्षणाच्या वेळचे तापमान यांचा समावेश करावा. कारागिराच्या हाती वाद्य देण्यापूर्वी हे पत्र पूर्ण झालेले असावे, आणि काढून टाकलेला कोणताही मूळ भाग, मग तो कुजलेला बॅरल का असेना, वाद्याबरोबरच जपून ठेवावा. पुढील अभ्यासकाचे प्रश्न आपल्याहून वेगळे असतील. त्यांची उत्तरे शोधण्यास लागणारी सामग्री त्याच्यापर्यंत पोचविणे हे आजच्या परीक्षकाचे कर्तव्य आहे.